जावयाची सही

म्हांगो नावाचा आरोग्यसेवक आमच्या गावात सहा वर्षं होता. सहा वर्षांत त्याला गावातल्या संडासांचा आकडा तोंडपाठ झाला, माणूस मात्र एकही कळला नाही. गडी मलावीच्या उत्तरेकडचा, आम्ही दक्षिणेचे. तिकडे बाई नवऱ्याच्या घरी नांदायला जाते, म्हणजे सगळ्या जगात तसंच असणार, असा त्याचा पक्का ग्रह. इस्त्रीची पँट, खिशाला तीन पेनं, आणि सायकलवरून उतरायच्या आधीच बोलायला सुरुवात. नमस्कार-चमत्कार नाही, खाली टेकणं नाही. आमच्या बायका त्याला ‘उभा साहेब’ म्हणायच्या. त्याला वाटायचं, मान देतात!

आता लेवसन. माझी भाची झिओने, तिचा नवरा. लग्न करून रीतीप्रमाणे आमच्या गावात राहायला आला. पोरगा गुणी, मका झकास लावतो. पण जावई तो जावई. त्याच्या शब्दावर इथे शेळीसुद्धा जागची उठत नाही. भाचीचं बरंवाईट ठरवायचं ते मामानं, म्हणजे मी.

झिओनेला आठवा महिना होता. पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे ठिणग्या नाचायला लागल्या. म्हांगोनं रक्तदाब मोजला आणि त्याचा चेहरा उतरला. तेवढं त्याला येत होतं, नाही म्हणत नाही. तिला लगेच इस्पितळात हलवायला हवं होतं. मग या शहाण्यानं काय करावं? कुठल्याशा प्रशिक्षणात शिकून आला होता की नवऱ्याला सामील करून घ्या. त्यानं लेवसनला भर अंगणात उभं केलं.

“नवरा आहेस ना तू? मग पाठव बायकोला!”

“पाठवतो की, साहेब.”

“इथे सही कर.”

लेवसननं केली. म्हांगोनं कागद पुढे केला असता तर त्यानं स्वतःच्या फाशीवरही केली असती.

सही झाली, गाडी काही हलेना. बैल माझे. इस्पितळात सोबत राहून रांधायचं माझ्या बहिणीनं, झिओनेच्या आईनं, आणि ती मला विचारल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही. म्हांगो आपला ओरडतोय, “नवऱ्याची परवानगी मिळालीय! परवानगी आहे!” मी वीस पावलांवर, कुडापलीकडे भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेलो. आवाज ऐकू येत होता, कारण कळत नव्हतं. आणि भाचीच्या पोटाची चौकशी मामानं आपण होऊन करायची नसते. असा एक तास गेला. अख्खा तास!

शेवटी अनाफिरी आली. गावातलीच बाई, चौथी शिकलेली, औषधांची पेटी सांभाळणारी. मोठ्यांशी बोलायच्या रीतीप्रमाणे तिनं माझ्यापुढे गुडघे टेकले, हलकेच टाळ्या वाजवल्या.

“कसे आहात, मामा?”

“बरा आहे. तू?”

“तुम्ही बरे तर मी बरी. झिओने बरी नाही. आत्ता निघाली नाही तर झटके येतील, मग आई नाही नि बाळ नाही. नर्सबाईंना फोन केलाय, खाट तयार आहे. तुमच्या बहिणीनं पीठ, पातेलं बांधून ठेवलंय. तुमचा शब्द तेवढा राहिलाय.”

“मग तो उभा साहेब इतका वेळ कुणाशी भांडत होता?”

“जावयाशी.”

“जावयाशी?” मला हसूच फुटलं.

“हसा नंतर! आणि तुम्हीही काही कमी नाही, मामा. वीस पावलं चालत आला असतात तर पाय झिजले नसते.”

झोंबलं. शेंगांची टोपली तशीच टाकून मी स्वतः बैल जुंपले.

गाडी निघाली. पुढे म्हांगो सायकलवर, रिकाम्या रस्त्यावर घंटी वाजवत, जशी काही वरातच त्यानं काढली होती. इस्पितळात सुई दिली, दुसऱ्या दिवशी पोट उघडून मूल काढलं. मुलगी. दोघी वाचल्या.

पुढच्या महिन्यात जिल्ह्याचे चार साहेब म्हांगोचं कौतुक करायला आले. नवऱ्यांना सामील करून घेण्यात म्हणे याचा पहिला नंबर! अनाफिरी मागे त्यांच्या चहासाठी चूल फुंकत होती. तिला कुणी नाव विचारलं नाही. फोटोसाठी म्हांगोनं बाळ लेवसनच्या हातात दिलं.

“बापानं हसायचं!”

लेवसन हसेना. बाळ धरून माझ्याकडे बघत राहिला. मी मान हलवली, तेव्हा कुठे हसला. म्हांगोनं लगेच छाती पुढे काढली. त्याला वाटलं, आपल्या सांगण्यावरून हसला.