आईच्या नाकाजवळचा तीळ

साखरशेतच्या आमच्या शाळेत आरोग्य शिबिर होतं. मुलांची तपासणी आटोपल्यावर नाशिकहून आलेल्या डॉक्टरबाईंनी आम्हा शिक्षकांना पडद्यावर त्वचेच्या आजारांचे फोटो दाखवले. मी अर्धवट लक्ष देऊन बघत होते. एका फोटोला मात्र खुर्चीत ताठ झाले. नाकाच्या बाजूला काळसर उंचवटा, मोत्यासारखी चकाकी, कड उचललेली, मधोमध खपली. हा तर आमच्या आईचा तीळ.

आई जव्हारला माझ्याकडे राहते. तिचा जन्म नागलीच्या शेतात, उन्हात गेला. हा तीळ अलीकडचा. तोंड पुसताना खपली निघायची, रक्त यायचं, पुन्हा खपली धरायची. चष्मा घासत असेल, असं आम्हाला वाटायचं.

मी सगळ्यांसमोर उठले आणि भाचीच्या हळदीतला आईचा फोटो मोबाइलवर मोठा करून बाईंपुढे धरला. त्यांनी तो हातात घेऊन जवळून पाहिला.

"फोटोवरून नक्की सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही बरोबर ओळखलंय असं वाटतं. तुकडा काढून तपासू. उशीर करू नका."

भीती वाटायला वेळच नव्हता. स्कूटी घराकडे कशी पळवली, मला आठवत नाही. आई भाकरी थापत होती. मी एका दमात सगळं सांगितलं.

"दुखत नाय तर कापायचा कशाला?"

"न दुखताच वाढतो तो, आये. म्हणून उद्याच जायचं."

सकाळच्या नाशिक गाडीत आईने खिडकी पकडली. मोखाडा येईपर्यंत ती कुठल्या उतारावर मजुरीला जायची ते दाखवत होती, जत्रेला निघाल्यासारखी.

तपासणीत कॅन्सरच निघाला. पण हळू वाढणारा, सहसा दुसरीकडे न पसरणारा, आणि अजून लहान. तेवढीच जागा बधिर करून तो काढला. पुढच्या खेपेला डॉक्टरबाई म्हणाल्या की पुरता निघालाय, फक्त अधूनमधून दाखवायला यायचं. मी तिथेच आईला मिठी मारली. लोक बघतात, म्हणून तिने मला ढकललं, पण हसत होती.

घरी परतलो तर आळीतली माणसं ओट्यावर जमली. आईने टाके दाखवले आणि सांगून टाकलं की न भरणारी खपली असेल तर माझ्या लेकीला दाखवा. मग काय, उजेड असेपर्यंत मी चेहरे बघत बसले. बहुतेकांचे साधे तीळ, जुने व्रण. शेजारच्या काकांच्या गालावरची खपली मात्र मला आवडली नाही. कधीपासून आहे विचारलं, तर त्यांना आठवेना.

"काका, उद्या नाशिकला जा," मी म्हणाले.

"मी येते संगती," आई म्हणाली.