धाकट्या जावेची इंग्रजी

माझी धाकटी जाऊ शिवनीकडची. माहेरी सगळे हिंदी बोलणारे. लग्न होऊन नाचणगावात आली तेव्हा तिला मराठीचा गंध नव्हता. भाजीवालीशी कसं बोलायचं, सासऱ्यांना जेवायला कसं बोलवायचं, सगळं मी शिकवलं. 'मले', 'तुले' तिच्या तोंडी बसवणारी मीच. दीदी दीदी करत ती माझ्या मागे मागे फिरायची आणि मला ते फार आवडायचं.

पुलगावात इंग्रजीच्या अवघड शब्दांचा क्लास निघाला तेव्हा जाऊ या असं मीच म्हटलं. बी.ए. दोघींचंही झालं होतं, साधी इंग्रजी दोघींना येत होती. माझी मुलं शाळेत जायला लागली होती आणि मला आता नोकरी करायची होती. तिला घेतलं ते सोबत म्हणून. शिवाय स्कूटी तिला चालवता येत होती.

सर हिंदीतून शिकवायचे, कारण वर्गात बाहेरून आलेली हिंदीवालीच मंडळी जास्त. फळ्यावर इंग्रजी शब्द, त्याच्यापुढे हिंदी अर्थ, मग एक वाक्य. बाजारातली, सिनेमातली हिंदी आमच्याकडे कोणाला येत नाही? पण सरांची हिंदी पुस्तकातली. 'एन्डेव्हर' म्हणजे 'चेष्टा', असं ते म्हणाले तेव्हा मला थट्टामस्करीच आठवली. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे कळायला मला बाकावरच्या शेजारणीला विचारावं लागलं. तोवर जाऊ पुढच्या शब्दाचं वाक्यही करून मोकळी. सर म्हणायचे, "बहुत बढ़िया!" आणि माझे कान तापायचे.

मग एका चाचणीत 'अमेंडमेंट' आला. सरांनी अर्थ दिला होता 'संशोधन'. मी खुशीत वाक्य लिहिलं, माझा भाऊ समुद्रपूरच्या कपाशीवर अमेंडमेंट करतो. सरांनी ते मोठ्यांदा वाचलं.

"आपके भाई साहब क्या कपास का क़ानून बदल रहे हैं?"

वर्ग हसला. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, कायद्यात करतात तशी. जाऊही हसली, तोंडावर ओढणी धरून.

परतताना स्कूटीवर तिने विचारलं, "दीदी, रागावल्या काय?"

"नाई. मी काऊन रागावू?"

घरी आल्यावर ती नवऱ्याशी फोनवर मुद्दाम इंग्रजीत बोलत होती, गंमत म्हणून. सासूबाई कौतुकाने ऐकत बसल्या. मला म्हणाल्या, "पाह्य, लहानी कशी पटपट बोलून राह्यली! क्लासचं तूच काढलं, पण जीभ तिची चालते." मी पोळ्या लाटत होते. ती पोळी मी इतकी लाटली की पोळपाटावरून उचलताना फाटली.

दुसऱ्या दिवसापासून मी ऑटोने जायला लागले. स्कूटीवर पाठ दुखते म्हटलं. वर्गात तिच्यापासून लांब बसायचे आणि ती कुठे चुकते याकडे कान लावायचे. ती चुकायची नाही असं नाही, पण चुकली की हसायची आणि पुढे जायची. ते मला जमत नव्हतं. एकदा तिला ताप आला. त्या दिवशी मी पहिल्या बाकावर, तिच्या जागी बसले. विचारलेले सगळे शब्द मला आले. वर्ग सुटताना सर जवळ आले. आता माझं काहीतरी कौतुक करतील असं वाटलं.

"आज आपकी देवरानी नहीं आईं?"

पुढे पुलगावातल्या एका इंग्रजी शाळेत जागा निघाली. दोघींनी अर्ज केले, दोघींच्या मुलाखती झाल्या. तिला घेतलं. पेढे मीच वाटले, शेजारी, समोर, पार कोपऱ्यावरच्या घरापर्यंत. प्रत्येक जण विचारायचा, "अन् तुमचं काय झालं?"

शाळा सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत ती एका संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन खाली बसली. रडकुंडीला आली होती.

"दीदी, 'स्टबर्न' म्हंजे जिद्दी असं मी पोराईले सांगतलं. तर सगळे हात वर करून म्हणून राह्यले, मॅडम, मी स्टबर्न, मी स्टबर्न! एक पोरगी म्हणे, मी लई स्टबर्न आहो, मी पहिली येईन."

मला हसू आवरेना. "अवं, आपल्यात जिद्दी म्हंजे चांगला. मनावर घेतलं की करून दाखवणारा. तुले पायजे तो हट्टी. हेकट."

"हेकट," ती म्हणाली, आणि मग तीही पोट धरून हसली. खरं सांगते, तिची फजिती ऐकून मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा गार वाटलं होतं. पण हसून झाल्यावर तिला त्या फजितीचं काहीच उरलं नव्हतं.

मग हे रोजचं झालं. मी भाजी चिरायचे, ती उद्याचे शब्द विचारायची. 'रिलक्टंट'ला मी सांगितलं, दवाखान्यात जाताना पोरगं कसं पाय ओढत जाते, तसं. ते तिने वर्गात जसंच्या तसं सांगितलं.

बाजारात एका मुलाची आई भेटली. मला ओलांडून जावेला म्हणाली, "मॅडम, तुम्ही किती छान समजावता! 'पाय ओढणारं पोरगं', आता आमच्या घरात सारे हेच म्हणते."

माझी उपमा! मी कोथिंबिरीची जुडी घट्ट धरून उभी राहिले.

"ते माह्यं नाई जी," जाऊ म्हणाली. "ह्या आमच्या दीदी. मले ह्याच सांगतात सारं."

त्या बाई माझ्याकडे वळून हसल्या. आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण किती सहज बोलली ती! तिच्या जागी मी असते तर बोलले असते का, हाच विचार घरापर्यंत डोक्यात होता, आणि तिच्या त्या मनाचाही मला हेवा वाटत होता.

येत्या जूनमध्ये त्या शाळेत आणखी एक जागा निघणार आहे. मोठ्या मॅडमकडे तिने माझा विषय काढून ठेवला आहे. "दीदी, अर्ज देजो नक्की," असं रोज म्हणते. नोकरी लागली तर घरात म्हणतील, लहानीने लावून दिली. ते मला झोंबेल, हे आत्ताच दिसतं आहे. अर्ज मी करणार आहे.