दहा फुटांवरचा फोकस

देवणीच्या सरदारचाचांनी तीस वर्षं "हनुवटी थोडी वर, इकडं बघा" म्हणत फोटो काढले. निम्म्या तालुक्याची लग्नं त्यांच्या कॅमेऱ्यातून गेली, आणि घरच्या बाईचा, बेगमबीचा, धड एक फोटो न्हाई! ती म्हणायची, "तळ्याकाठी माझा एक काढा की." हे म्हणायचे, "काढू की, लग्नसराई सरू दे." एक सरली की दुसरी. तेवढ्यात बेगमबीच गेली. काय म्हणावं या माणसाला!

पुढं आठ महिने धंदा बंद. कॅमेरा उचलला की बोटं थरथरायची. आता हा हात कायमचाच गेला, असं चाचांनी धरून टाकलं होतं. शेवटी लेकीनं, लायबानं, शिरूर अनंतपाळकडच्या एका तळ्यावर निसर्गाचे फोटो शिकवणाऱ्या दोन दिवसांच्या कार्यशाळेत त्यांचं नाव घातलं.

तिथं सगळी पोरंसोरं. शिकवणारी सुकन्या नांदेडची, लायबाच्याच वयाची. चाचा या वयात बिगरीत! त्यांचा पहिला फोटो बघून ती म्हणाली, "चाचा, मागचे डोंगर पुसट आले. फोकस दहा फुटांवर का धरला? तिथं तर कोणीच नाही."

चाचा ओशाळले. स्टुडिओवाल्याचा हात तो, माणूस उभं राहतं तिथंच जाणार. "लई वर्षांची सवय हाय, बाई," एवढंच बोलले.

पोरगी चिकाटीची. लांबवर फोकस कसा धरायचा ते तिनं चार-चारदा दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी, बाभळी, डोंगर, सगळं लख्ख आलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. चाचांनी बोटांकडं बघितलं, थरथर थांबली होती. जमतंय की आपल्याला, असं वाटलं आणि लगेच गलबलून आलं. आता जमून काय उपयोग?

त्यांनी ट्रायपॉड खाली घेतला, बेगमबीच्या डोळ्यांच्या उंचीला. काठावरची मोकळी जागा मधोमध धरली, फोकस परत दहा फुटांवर आणला. "हनुवटी थोडी वर," हळूच म्हणाले आणि बटण दाबलं.

"चाचा, पुन्हा चुकलं," सुकन्या म्हणाली.

"न्हाई बाई. हा बरोबर हाय."

घरी लायबानं तो फोटो उलटापालटा करून बघितला. "अब्बा, यात तर कोणीच नाही."

"हाव," चाचा म्हणाले. "काढायला लई उशीर केला मी."