मैलामागे किती?

आमच्या सलायना गावात ट्रकवाल्याला वय विचारा, खरं सांगेल. वजन विचारा, पोट आत ओढून का होईना, खरंच सांगेल. पण "मैलामागे किती मिळतात रे?" असं विचारलंत की एरवी साधाभोळा असलेला माणूससुद्धा थापा मारायला लागतो. मी अर्लिस. डिझेल पंपाशेजारी माझं स्टिकरचं दुकान आहे. ट्रक ज्याचा त्याचा असतो, पण माल मिळतो कंपनीकडून, म्हणून दारावर नाव कंपनीचं लागतं. कंपनी बदलली की जुनं नाव खरवडायला आणि नवं चिकटवायला सगळे माझ्याकडेच येतात. त्यामुळे कोणाचं कोणाशी बिनसलं ते गावाच्या आधी मला कळतं.

वेंडेल उनरूच्या लाल ट्रकवरून मी आजवर पाच नावं काढली होती. पाचही वेळा स्वारी शीळ घालत आली. "अर्लिस, या वेळी खरंच जास्त भाव मिळतोय बघ!" आणि वर्ष-दोन वर्षांत तोंड पाडून परत. माणूस सोन्यासारखा. वाटेत कोणाचा टायर फुटला तर पहिला वेंडेल थांबणार. पण दुसऱ्याच्या ताटातला लाडू याला कायम मोठाच दिसायचा.

या वसंतात त्याच्या बायकोने, मार्लाने, निक्षून सांगितलं, "सातवी कंपनी ही शेवटची. तिथेही भाव वाढला नाही, तर ट्रक विकायचा आणि तू शाळेची बस चालवायची." मार्ला बोलते ते करते. वेंडेलची झोपच उडाली. तो ट्रक त्याने एकोणीस वर्षं पोटच्या पोरासारखा जपलाय. "मागे छत्तीस कार्टी बोंबलणार," तो मला म्हणाला, "आणि दर कोपऱ्यावर थांबा! मी मरून जाईन गं." मला हसू फुटणार होतं, पण त्याचे डोळे भरलेले पाहून ते आवरलं.

तर सोमवारी सकाळी हा हजर. दुकानासमोरच्या बाकावर नेडीन बसली होती. तीही ट्रकवाली, स्वतःचा ट्रक, बोलणं मोजून मापून. ट्रेलरवरचे आकडे पुसट झाले होते म्हणून आली होती आणि खानावळीतून आणलेला दालचिनीचा रोल आमच्याकडच्या रीतीप्रमाणे राजम्याच्या झणझणीत रश्शात बुडवून निवांत खात होती.

"अर्लिस, टर्की क्रीकचं नाव काढ. ब्लू सायलोचं लाव," वेंडेल म्हणाला.

"का रे बाबा? तिकडे काय सोनं वाटतायत?"

"डेलबर्टला तिथे मैलामागे एक डॉलर पंच्याण्णव सेंट मिळतात. त्याने स्वतः सांगितलं." डेलबर्ट हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. "मी शुक्रवारीच टर्की क्रीक सोडली. डेलबर्टला अजून पत्ता नाही. असा चकित होईल ना!"

मी गरम हवा मारून अक्षरं सोलायला घेतली. टर्की निघालं, क्रीक राहिलं, तेवढ्यात अंगणात दुसरा ट्रक आला. दारावर ब्लू सायलो. आतून डेलबर्ट उतरला, तोही शीळ घालत.

"अर्लिस, हे काढून टाक आणि टर्की क्रीक लाव," तो म्हणाला, आणि मग त्याला वेंडेल दिसला.

दोघे एकमेकांच्या दाराकडे बघत राहिले.

"तू टर्की क्रीकमध्ये कशाला चाललास?" वेंडेलने विचारलं.

"अरे, तूच म्हणालास ना, एक ब्याण्णव देतात म्हणून! मी ब्लू सायलो सोडून बसलोय!"

"तुला तर एक पंच्याण्णव मिळत होते!"

"ते... म्हणालो होतो खरा."

"मग खरे किती?"

"एक साठ," डेलबर्ट बुटांकडे बघत म्हणाला. "आणि तुला?"

"एक अठ्ठावन्न."

मला तर हसून हसून खालीच बसावं लागलं. चाळीस वर्षांची दोस्ती, आणि दोन सेंटांसाठी दोन राजीनामे! अगं बाई गं!

पण अंगणाच्या फाटकात मार्ला उभी होती. नवं नाव लागताना बघायला म्हणून ती मुद्दाम आली होती. ती हसली नाही. "घरी मला एक ऐंशी सांगत होतास, वेंडेल."

"लाज वाटायची गं," तो पुटपुटला.

"मग ठरल्याप्रमाणे. ट्रक विकायचा."

वेंडेलने नुसता ट्रकच्या दारावरून हात फिरवला. माझं हसू जिथल्या तिथे विरलं.

"एक त्र्याण्णव," बाकावरून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. नेडीन बोटं चाटत होती.

"तूही नको हं आता थापा मारूस!" मार्ला कडाडली.

नेडीनने फोन पुढे केला. गेल्या आठवड्याचा सगळा हिशोब त्यात होता. ऑल्सनबाईंची छोटीशी कंपनी, मैलामागे एक त्र्याण्णव, ट्रक रिकामा धावला तरी तेवढेच. मार्लाने दोनदा वाचलं.

"अगं, मग आजवर बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"बारा वर्षं खानावळीत तुमच्या शेजारी बसते. कोणी विचारलंय मला?" एवढं बोलून तिने तिथल्या तिथे ऑल्सनबाईंना फोन लावला, थोडं ऐकलं आणि ठेवला. "माणूस घेतील म्हणतायत. पण जागा एकच आहे."

आता आली का पंचाईत! दोघेही राजीनामा देऊन मोकळे. वेंडेलने डेलबर्टकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तो मागणार नव्हता, हे मला दिसत होतं.

"मला नकोच आहे ती," डेलबर्ट एकदम म्हणाला. "ब्लू सायलोवाल्यांचा सकाळीच फोन आला होता. परत ये म्हणून हातापाया पडले. दोन डॉलर द्यायला तयार आहेत."

ब्लू सायलो आणि दोन डॉलर! एक वेळ रेडा दूध देईल. आम्हा चौघांनाही ते कळत होतं.

वेंडेलने मान वर केली. "दोन डॉलर? भारीच भाव आहे रे."

"मग! मला काय समजलास?" डेलबर्ट छाती काढून म्हणाला.

एकेक आकडा दोनदा तपासणारी मार्ला. पण तिने त्याला एकही प्रश्न विचारला नाही. जवळ गेली, त्याला घट्ट मिठी मारली आणि म्हणाली, "संध्याकाळी जेवायला ये, डेलबर्ट. उद्याही ये."