मापाबाहेरचा जिना

आमच्या साडूंनी आजवर रायगड जिल्ह्यातली जवळजवळ प्रत्येक नावाजलेली इमारत स्वतःच्या हातांनी बांधली आहे आणि स्वतःच्याच हातांनी पाडली आहे. पेणचा एस.टी. स्टँड त्यांनी एका पावसाळ्यात उभा केला आणि दसऱ्याच्या आत जमीनदोस्त केला. कुंडलिकेवरचा पूल बांधला, मोडला, कमानी पटल्या नाहीत म्हणून पुन्हा बांधला आणि पुन्हा मोडला. जंजिऱ्याचा किल्ला म्हणे कुणालाच घेता आला नाही. आमच्या साडूंनी तो एका रविवारी जेवणाआधी बुरुजांसकट बादलीत भरला. हे सगळं ते रोह्यातल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांनी करतात. ठोकळे हा शब्द मात्र त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नाही. "ठोकळे पोरं खेळतात. या विटा हायेत," असं ते मला माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत म्हणाले होते, आणि नेमक्या ज्या विटेवर मी बसलो होतो ती माझ्याखालून काढून घेतली होती.

या विटा शेजारच्या हुसेनभाईंच्या. ते दुबईला असताना दर सुट्टीला पोरांसाठी खोके आणायचे. पोरांना मिशा फुटल्या तेव्हा भाईंनी दोन पोती भरून विटा साडूंच्या दारात आणून टाकल्या. पोती दोनच, त्यामुळे नवं काही बांधायचं तर जुनं मोडावं लागतं. पण मोडण्याआधी त्याचा फोटो निघाला पाहिजे, आणि तोही असा की बघणाऱ्याला ते खेळणं आहे हे कळता कामा नये. असा फोटो निघाला की साडू "पास" म्हणतात आणि बादली मागवतात. आमच्या पेणमध्ये गणपती घडवणारा माणूस जसा हे शेवटी पाण्यातच जायचं आहे हे धरून सोंडेवरून हात फिरवतो, तसं साडूंचं आहे. कालपर्यंत रात्रंदिवस जपलेला घुमट आज ते शेंगा सोलाव्यात तसे सोलतात.

नोकरीला ते धाटावच्या एका केमिकल कंपनीत, मीटरचे काटे बरोबर दाखवतात की नाही हे तपासणाऱ्या खात्यात. ती सवय शिफ्ट संपली तरी सुटत नाही. खिशात पेनाच्या जागी पाणसळ असते, गवंडी सपाटी बघायला वापरतात ती. आमची सासुरवाडी गागोद्याकडची, भात आणि वाल पिकवणारं घर. तिथे एकदा पंगतीत त्यांनी सासऱ्यांच्या पाटावर पाणसळ ठेवली आणि म्हणाले, "पाट डावीकडं उतरलाय, म्हणून तुमची आमटी भातातून पळते." पाटाखाली लाकडाची चिपटी लावली, आमटी थांबली. तेव्हापासून सासरे गावात सांगतात, "मोठे जावई हुशार." पुढे माझी चौकशी कुणी केलीच तर म्हणतात, "धाकटे स्वभावानं बरे हायेत."

अशा माणसाचा फोटोग्राफर मी आहे. झालं असं की, पेणमधल्या लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका गृहस्थाने धंदा सोडला, त्याचा जुना कॅमेरा मी घेतला आणि तो गळ्यात अडकवून एका बारशाला गेलो. तिथे साडूंनी मला पकडलं. त्यांना फोटोग्राफीतलं सगळं कळतं, पण ते स्वतः कॅमेऱ्याला हात लावत नाहीत. "बांधणाऱ्यानं फोटो काढला तर तो आपल्या चुका झाकतो. फोटो परक्यानं काढावा." साडू म्हणजे घरातला अधिकृत परकाच, म्हणून मी.

पहिलाच धडा भोकाचा. लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, त्याचा आकडा वाढवला की ते बारीक होतं. मी म्हटलं, "दादा, आकडा वाढला तर भोक मोठं व्हायला पाहिजे." ते म्हणाले, "गावात पुढारी वाढले की रस्ता रुंद होतो का अरुंद?" "अरुंद." "मग? फिरवा." तरीही मी आजतागायत ती चकती उलट्याच बाजूला फिरवतो. भोक मोठं ठेवलं तर जवळचं इंजिन स्पष्ट आणि मागचा डबा धुरकट येतो, आणि डबा धुरकट झाला की बघणाऱ्याला लगेच कळतं, हे खेळणं. म्हणून भोक बारीक करायचं. भोक बारीक म्हणजे उजेड कमी, म्हणून शटर बराच वेळ उघडं ठेवायचं. शटर उघडं असताना कॅमेरा हलायचा नाही, टेबल हलायचं नाही आणि साडूंच्या मते फोटोग्राफरनेही श्वास घ्यायचा नाही. साडूंचं घर रुळांच्या जवळ. मी श्वास कोंडून लाल झालेला असतो तेवढ्यात खरी गाडी धडधडत जाते आणि टेबलावरचं सगळं गाव थरथरतं.

माझे नापास फोटो साडूंना तोंडपाठ आहेत. एका फोटोत नगरपालिकेच्या काचेत माझा चौकड्यांचा शर्ट दिसला. एकात फलाटावर खरी मुंगी आली आणि ती बोकडाएवढी दिसली. "एवढी मुंगी मी रोह्यात अजून पायली नाय. नापास." आमच्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते, म्हणून त्यांनी ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायला सांगितली. मी ठेवली. एका रविवारी पेणहून बसने रोह्याला गेलो, टेबलाला हनुवटी टेकवून जागा घेतली, डबा उघडला, तर आत पोह्याचे पापड. घरात दोन डबे सारखेच होते. साडूंनी एक पापड उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "एकसारखा लाटलाय. तळायला घ्या."

मग त्यांनी रोहा स्टेशन बांधायला काढलं. फलाट, छप्पर, वरून जाणारा पादचारी पूल, सगळं मापात. मापं घ्यायला ते सुट्टीच्या दिवशी स्टेशनवर पट्टी घेऊन वाकले असताना एका पोलिसाने हटकलं.

"काय चाललंय काका?"

"पायऱ्या मोजतोय."

"कशाला?"

"घरी एक बांधायचाय."

"घरी? कुठं जायला?"

"पलीकडच्या फलाटावर," साडू म्हणाले. पोलिसाने त्यांना हाताला धरून बाकावर बसवलं आणि पाणी दिलं.

स्टेशन अर्धं झालं असताना ताई पडल्या. ताई म्हणजे साडूंची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. या हौसेशी त्यांचा संबंध एवढाच, की केर काढताना सापडलेल्या विटा त्या डाळीच्या डब्यात टाकत आणि साडू डाळ निवडत. त्या दिवशी वाळवणाची पाटी घेऊन त्या घराच्या जिन्यावरून उतरत होत्या. साडूंच्या खिशातून पडलेली एक वीट पायाखाली आली. पाय प्लॅस्टरमध्ये गेला. साडू कंपनीत रजा टाकून स्वयंपाकाला लागले. मीठ काट्यावर तोलून घालत. "अळणी का खारट?" असं न विचारता "किती टक्के?" असं विचारत.

पडून पडून ताई कंटाळल्या. एक दिवस म्हणाल्या, "द्या इकडं ती विटांची टोपली. बघू तरी, कशापायी माझा पाय मोडला." साडूंनी पुलाचा एका बाजूचा जिना त्यांच्याकडे सोपवला. करड्या विटा संपल्या होत्या म्हणून ताईंनी गुलाबी घेतल्या, मध्ये मध्ये पिवळ्या. पायऱ्या ठेवल्या ऐसपैस रुंद. थोडं चढलं की सपाट जागा, तिथे बसायला बाक, दोन्ही बाजूंना धरायला कठडा. साडूंनी पट्टी लावली. बाकीच्या स्टेशनशी त्या जिन्याचं काही म्हणजे काही जुळत नव्हतं. मी तिथेच होतो. वाटलं, आता वादळ.

ताईच आधी बोलल्या. "पट्टी काय लावताय? जिना मापासाठी असतो का माणसासाठी? आमची आई वालाच्या शेंगांची पाटी घेऊन यावरून चढली पायजे. दमली तर बसंल."

साडूंनी पट्टी खिशात घातली. म्हणाले, "राहू दे."

स्टेशन पुरं झालं आणि माझे हाल सुरू झाले. दर पंधरवड्याला मी पेणहून रोह्याला, आणि दर वेळी नापास. कधी ट्यूबलाइटचा हिरवा रंग, कधी छपराची रेघ वाकडी, कधी उजेड कमी म्हणून फोटोभर दाणे. मी हट्टाला पेटलो. कॅमेऱ्याची तिपाई घेतली, उजेड मऊ करायला खिडकीला बटर पेपर लावला, एकेका जागी फोकस करून वेगवेगळे फोटो काढून ते कॉम्प्युटरवर जोडायला शिकलो. माझी बायको म्हणाली, "एवढी मेहनत शाळेत केली असती तर?" पण निकाल तोच. ताईंचं प्लॅस्टर निघालं, त्या काठीने चालायला लागल्या, आणि एक दिवस मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाल्या, "भावजी, खरं सांगा. माझ्या जिन्यामुळं अडलंय ना? हे तोंडानं बोलत नायत एवढंच."

मी साडूंना गाठलं. स्टेशनबाहेरच्या टपरीवर. "दादा, फोटोत दोष काय आहे?"

ते रुळांकडे बघत म्हणाले, "पास झाला की मोडायला लागतं."

"मग?"

"मग काय मग. चहा प्या."

मला कळायला दुसरा कप लागला. या माणसाने सबंध जिल्हा सपाट केला होता, पण बायकोच्या हातच्या त्या जिन्यावर त्याचा हात चालत नव्हता. मी म्हटलं, "मग ताईंना सांगा की तसं."

"काय सांगू? लग्न झाल्यापासून असलं कधी बोललो नाय. आता मधूनच कुठून चालू करू?"

तिकडे ताईंनी निकराचं सांगून टाकलं. दर वर्षी त्यांचा गणपती बसतो तो त्याच टेबलावर, आणि ते स्टेशन उचलून दुसरीकडे ठेवावं तर विटा निसटणार. "गणपतीच्या आत फोटो पास करा आणि टेबल मोकळं करा. नायतर मी माझा जिना उपटून टाकते, मग बसू दे तुमचं माप." आता फोटो पास झाला तरी जिना जाणार, आणि नाही झाला तरी.

मी ठरवलं, ताईंना कळेल असा ढळढळीत वाईट फोटो काढायचा, म्हणजे दोष माझ्या माथी येईल आणि जिना सुटेल. भोक मोठं करून सगळं धुरकट करायचं. चकती फिरवली, खटका दाबला. पण मी नेहमीप्रमाणे ती उलटी फिरवली होती. जन्मात पहिल्यांदा मुद्दाम चुकायला गेलो आणि तिथेही चुकलो. मी धुरकट करायला निघालेला फोटो इतका लख्ख आला, की ताईंनी तो स्टुडिओत मोठा करून आणला आणि शेजारी दाखवला, तेव्हा हुसेनभाई म्हणाले, "हा नवा जिना कधी केला वो? मी तर परवाच गाडीनं आलो."

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी पेणहून गणपती घेऊन पोचलो. पेणमध्ये राहणाऱ्या माणसाला अख्ख्या गोतावळ्याचे गणपती मांडीवर घेऊन पोचवावे लागतात. शाडूची मूर्ती दिसते तेवढी हलकी नसते. मी उंबऱ्यावर, मूर्तीच्या तोंडावर रुमाल, आणि आत टेबलापाशी दोघं. ताईंच्या हातात फोटो.

"अहो, बोला. गणपती दारात उभा हाय. पास का नापास?"

साडूंनी भिंग लावलं, पुसलं, पुन्हा लावलं. दोष नव्हता हे त्यांना दिसत होतं, मला माहीत होतं. खोलीत ते न बघण्याची सवलत फक्त रुमालाआडच्या मूर्तीला होती.

"बरा हाय तसा..."

"तसा म्हंजे? कळलं मला. जिनाच नडतोय." आणि ताईंनी हात पुढे केला. एक गुलाबी वीट निसटली.

"हात लावू नको गो त्याला!"

हा आवाज साडूंचा होता. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. त्यांनाही तो ओळखीचा वाटला नसावा, कारण ते इकडेतिकडे बघायला लागले. मग हळू म्हणाले, "जिना चांगलाच हाय. बाकी स्टेशनच त्याच्यापुढं चुकलंय. आणि... उजेड. उजेड चुकलाय." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. बुडता माणूस काठावरच्याकडे बघतो तसं.

"चुकलाच," मी गणपती सावरत म्हणालो. "ताई, गाडी सकाळची आणि सावल्या संध्याकाळच्या पडल्यात. साफ नापास. माझंच चुकलं."

ताईंनी माझ्याकडे बघितलं, मग साडूंकडे बराच वेळ. निसटलेली वीट उचलून जागेवर बसवली, अंगठ्याने दाबली. "एवढा चांगला होता तर आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू इचारलंस कधी?"

"आणि भावजी, तुम्ही काय अजून उभेच? द्या तो गणपती इकडं." त्यांनी कोपऱ्यातल्या शिलाई मशीनवर धुतलेली चादर घातली. त्या वर्षी गणपती तिथे बसला. पुढच्या वर्षीही.

टेबलावर अजून स्टेशन आहे. साडू रिटायर झाले, हाताशी वेळच वेळ आहे, पण सगळ्या विटा तिथे अडकल्यामुळे त्यांनी तेव्हापासून नवं काहीच बांधलेलं नाही. रिकामी पोती घडी घालून माळ्यावर गेली. अलिबागच्या एका इमारतीची मापं ते अधूनमधून तोंडी सांगतात, खूप चांगली होईल म्हणतात, आणि मग विषय बदलतात. मी मात्र कॅमेरा घेऊन जातोच. परवा गेलो तेव्हा ताई ओल्या फडक्याने त्या जिन्याच्या पायऱ्या एकेक करून पुसत होत्या, तोंडाने मला पेणच्या भाज्यांचे भाव विचारत होत्या. मी तिपाई लावली, श्वास कोंडला, फोटो काढला आणि कॅमेरा साडूंपुढे धरला. त्यांनी तिकडे बघितलंही नाही. ताईंच्या हाताकडे बघतच म्हणाले, "नापास."