होळीला घरी न्यायचा नाग

मंगरूळपीरच्या ताजबीला साप धरण्याची विद्या नवऱ्याकडून मिळाली. हट्ट मात्र तिचा स्वतःचा. नवरा गेल्यावर तिनं मदाऱ्याची टोपली डोक्यावर घेतली तेव्हा भाऊबंदांनी नाकं मुरडली. मुरडेनात का बापडी, टोपली काही त्यांच्या डोक्यावर नव्हती.

तिकडच्या मदाऱ्यांची एक रीत होती. पोळ्याला नाग धरायचा, त्याचे दात पाडायचे नाहीत आणि टोपलीवर हात ठेवून त्याला शब्द द्यायचा, होळीला तुला तुझ्याच वारुळात आणून सोडीन. "कोंडतं तं कोंडतं, वरून शब्द कायचा देतं?" असं कुणी चिडवलं की ती म्हणायची, "कोंडतो, मले ठाऊक हाये. म्हनून तं शब्द देतो."

सन एकोणीसशे चोवीसच्या होळीला ती नाग घेऊन जगदेव पाटलाच्या रानात आली, तर निम्मं रान आडवं झालेलं. कापसाला भाव होता आणि पाटलाला झाडं तोडून तिथं पऱ्हाटी, म्हणजे कापूस, लावण्यापुढं दुसरं काही दिसत नव्हतं. उरलेल्या झाडीत वारुळंच वारुळं, त्यामुळं लाकूडतोडे आत पाय घालेनात. ताजबीला पाहून पाटलाचा जीव भांड्यात पडला.

"बरी आली. सारे साप धरून ने. तुही तं चांदीच हाये."

"धरीन. मंग परत सोडू कोठी?"

"परत कायले सोडाचे? राहू दे टोपलीत."

"टोपलीत जलम काढतीन का ते?"

ताजबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती सरळ त्या नागाच्या वारुळापाशी गेली आणि सगळ्यांदेखत तिनं टोपली उघडली. नागानं फणा काढला, मग तो वारुळात शिरला.

पाटील संतापला. "कारंज्याहून दुसरा मदारी आनतो. अन् तू या गावात टोपली घेऊन पाय ठेवू नको."

"नाई ठेवत. ज्याले घरी नेता येत नाई, त्याले मी धरत नाई."

"मंग खाशीन काय?"

प्रश्न खरा होता. नागाचा खेळ पाहून अशा गावांनी दिलेल्या दाण्यांवरच तिची चूल पेटायची. तिला भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून तिला जास्तच राग आला. ती वारुळापुढं मांडी घालून बसली.

"ते मी पाहीन. येऊ द्या तुमचा मदारी. त्यानं टोपलीवर हात ठेवला का मी इचारीन, परत कोठी आनशीन?"

परत सोडण्याचा शब्द देता येणार नाही तिथं कुठलाच मदारी साप धरणार नाही, हे ओळखून लाकूडतोड्यांचा म्होरक्या लखीराम यानं कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि गावाची वाट धरली. बाकीचे त्याच्या मागं गेले. पाटील हाका मारत राहिला. ताजबी जागची हलली नाही.