पाण्यात बघायचा चष्मा

परंड्यापासून दोन कोसांवर खडकवाडी. तिथला रामकिसन शेतकऱ्याचाच पोरगा, पण त्याचं पोट चालायचं पाण्याखाली. विहिरीत पडलेली घागर, पोहरा, एखादीच्या गळ्यातून निसटलेली पुतळ्यांची माळ, जे बुडेल ते काढून द्यायचं, हा त्याच्या बापाचा धंदा. बाप बलभीम दम्यानं घरी बसला आणि काम पोराकडं आलं. निजाम गेला, मुंबईचं राज्य आलं, तेही जाऊन महाराष्ट्र झाला. रामकिसनला मात्र त्यातलं एकच राज्य कळलं, इंजिनाचं. मोटा सुटल्या आणि विहिरीविहिरीवर काळी डिझेल इंजिनं धडधडू लागली. प्रत्येक इंजिनाचा पाइप पार तळाला जाऊन एका लोखंडी झडपेत संपायचा. तिला म्हणायचे फुटव्हॉल. त्यात पाला नाहीतर खडा अडकला की इंजिन नुसतं बोंबलायचं, पाण्याचा टिपूस यायचा नाही. मग मालक धावत रामकिसनच्या दारात.

आता पाण्याखाली डोळे उघडे ठेवले तरी माणसाला दिसतं काय? हिरवं धुकं. सगळा कारभार चाचपडून. बोटांना कळलं तर कळलं. कंबरेला दोर बांधून रामकिसन खाली, आणि काठावर दगडी खुंट्याला दोराचा वेढा देऊन त्याची आई सारजाबाई उभी. दोराला दोन हिसके बसले की ओढायचं. बाई काटक, बोलायला फटकळ, पण लेक खाली असला की तिच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही.

गेल्या उन्हाळ्यात घात होता होता राहिला. पाइप आणि कपार यांच्या मधे रामकिसनचा पाय अडकला. कुठं अडकलाय तेच दिसेना. सारजाबाईनं हिसक्याची वाट न बघता दोर ओढला, पायाचं सालटं निघालं, पण लेक वर आला. त्या दिवशी तिनं दोराचं वेटोळं घरात आणून आपटलं.

"बास झालं. दोन एकर माळ हाय, त्यो कर. म्या आता दोर धरायची न्हाय."

रामकिसनचा जीव त्या माळात कधीच नव्हता. त्याला वर करमायचं नाही. पाण्यात शिरलं की डोकं कसं शांत व्हायचं. पण आईचंही खोटं नव्हतं. एका इंजिन मिस्त्रीनं त्याला सांगितलं होतं, की सोलापुरात महालिंगप्पाच्या जुन्या सामानाच्या दुकानात आरमारातनं भंगारात निघालेले काचेचे चष्मे आलेत, ते लावले की पाण्याखाली लख्ख दिसतं. रामकिसन आईला म्हणाला, "आये, एकडाव त्यो चष्मा आणून बघू दे. दिसलं तर ठीक, न्हायतर जल्मात विहिरीत उतरायचो न्हाय."

सारजाबाई हो म्हणाली नाही, पण भाकरी बांधून दिली. एसटीनं कुर्डुवाडी, तिथनं आगगाडीनं सोलापूर.

महालिंगप्पा गुळगुळीत तोंडाचा, पोट सुटलेला, बोलका माणूस. त्यानं खोकंच पुढ्यात ओतलं. रामकिसनच्या नजरेत भरला एक निळा, दोन डोळ्यांचा, चकचकीत कडांचा. लग्नात घालून मिरवावं असा. त्यानं तोच उचलला.

"ठेवा ते खाली, पावणं," महालिंगप्पा म्हणाला. "किती खोल जाता?"

"तीन पुरुस. तीन माणसं एकावर एक हुबी ऱ्हातील, येवढं."

"मग डोळे बाहेर येतील. पाणी काच दाबतंय, चष्मा डोळ्यावर रुततोय. नाक आत पाहिजे. नाकातनं जरा हवा सोडली की दाब सुटतो. आरमारातल्या माणसानं मला शिकवलंय, मी काय कधी बादलीत तोंड घातलं नाही."

कानात मेख मारल्यासारखं दुखतं ते रामकिसनला ठाऊकच होतं. त्याला पटलं. दुसरा होता भला मोठा, वर श्वासाची नळी असलेला, पण त्याचं रबर भाकरीसारखं कडक होऊन तडकलं होतं. तिसरा काळा, लांबट काचेचा, दिसायला अगदी अवकळा आलेला, पण रबर कानाच्या पाळीसारखं मऊ. महालिंगप्पानं पारख सांगितली. पट्टा न लावता तोंडावर ठेवायचा, नाकानं श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचे. चिकटून राहिला तर तुमचा, पडला तर दुसऱ्याचा. त्यानं स्वतःच्या तोंडावर लावून दाखवला. बसला जळूसारखा.

रामकिसननं लावला, श्वास ओढला, हात सोडले. चष्मा पदरात पडावा तसा ओंजळीत पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. नाकाखालून फुस्स करून हवा शिरत होती. महालिंगप्पानं नुसतं आपल्या वरच्या ओठावरून बोट फिरवलं.

रामकिसनला चांगली दाट, टोकाला पीळ दिलेली मिशी होती. पण प्रश्न हौसेचा नव्हता. बाप जिवंत असताना खडकवाडीत कोणी मिशी काढत नसे. मिशी उतरली म्हणजे बाप गेला, गाव सरळ दुखवट्याला दारात यायचं. महालिंगप्पानं व्हॅसलीनची डबी हातावर ठेवली. "माखून बघा. लागलं तर लागलं." दिसायला कसाही असो, चष्मा हाच, एवढं रामकिसनला कळलं होतं. त्यानं तो घेतला.

गावातले मोठे बागाइतदार तात्या, त्यांचा फुटव्हॉल चार दिवस बंद होता, मिरची माना टाकत होती. रामकिसननं मिशीला व्हॅसलीन थापलं. "ह्यो एकच डाव," म्हणत सारजाबाईनं दोर धरला. पहिल्या पुरुसभर त्याला खरंच दिसलं, कपारी, पाइप, शेवाळाचे केस. मग नाकाखालनं पाणी शिरलं. काच अर्धी भरली, नाकात गेलं, त्याला ठसका लागला आणि पाण्याखाली ठसका म्हणजे मरणच. दोराला हिसके नव्हते, नुसता झटापटीचा थरथराट होता. सारजाबाईनं ओढला. वर आल्यावर लेक घटकाभर ओकत राहिला.

घरी आल्यावर त्यानं खरं ते सांगून टाकलं. बलभीम खोकत खोकत हसला. "मग काढ की. केसच हायत ते."

सारजाबाई मात्र चुलीपुढनं उठली. "तुमाला हसू येतंय. आणि तू रं, माझ्या कुंकवाच्या मुळावर उठलास व्हय? बाप जित्ता बसलाय हितं, आणि त्याच्या म्होरं बोडक्या तोंडानं फिरणार?"

आईच्या कुंकवापुढं बोलायचं काय? तीन दिवस रामकिसन माळावर जाऊन दगड वेचत बसला. दगडही मनापासून वेचले नाहीत. तिसऱ्या दिवशी तात्या स्वतः आले, म्हणाले, मिरची हातची जाते आहे. रामकिसननं चष्मा कोनाड्यात ठेवला आणि नुसता दोर उचलला.

"आये, शेवटचं. पयल्यासारखं चाचपून करतो. तात्यांचं तेवढं काढून दिलं की सुटलो."

सारजाबाईनं त्याच्या पायाकडं बघितलं. गेल्या उन्हाळ्यात निघालेल्या सालट्याचा पांढरा पट्टा अजून तसाच होता. तिनं दोर त्याच्या हातातनं काढून घेतला, आत गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, अंगावर सणाचं लुगडं. नवऱ्याला म्हणाली, "उठा. पटका बांधा. पारावर चला."

भर सकाळी, मारुतीसमोरच्या पारावर तिनं बलभीमला बसवलं, स्वतः त्याच्या शेजारी बसली, आणि अंबादास न्हाव्याला हाक मारली. रामकिसनला समोर बसवून म्हणाली, "काढ ह्याची मिशी." अंबादासचा वस्तरा हवेतच थांबला. त्यानं बलभीमकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघतोस?" बलभीम म्हणाला. "म्या गेलेलो न्हाय. चहा पिऊन आलोय."

लोक जमले. एक म्हातारी कुजबुजली, असं करू नये बाई, लेकानं बापाचं वाईट चिंतल्यासारखं होतं. सारजाबाईनं पदर मागं सारला, कपाळ सगळ्यांना दिसेल असं केलं. "नीट बघून घ्या समद्यांनी. भवानीआईला सांगून आलेय म्या. कुंकू तिच्या हातात हाय, केसात न्हाय. आणि नवऱ्यापायी लेक पाण्यात आंधळा सोडू का?"

हे बोलताना तिचा आवाज मात्र हलला. बलभीमनं चारचौघांत कधी बायकोचा हात धरला नव्हता, तो त्यानं तेव्हा धरला.

तासाभरानं अख्खं गाव तात्यांच्या विहिरीवर. रामकिसनचा ओठ कोवळा, पांढरा दिसत होता. त्यानं चष्मा टेकवला, श्वास ओढला, हात सोडले. चिकटला. सारजाबाईनं खुंट्याला वेढा दिला आणि तो खाली गेला.

थेंब आत आला नाही. कडेच्या दगडावर छिन्नीचे घाव दिसले, पाइपाचा एकेक आटा दिसला, तळाशी फुटव्हॉल आणि त्याच्या जाळीत अडकलेला फडक्याचा बोळा दिसला. वीस वर्षं ज्या अंधारात तो हात घालत आला, ती एक साधी, स्वच्छ, उजेडाची जागा होती. त्यानं हात पुढं केला आणि काय वाटलं कोण जाणे, आधी वर मान केली. वर थाळीएवढं आभाळ, आणि त्याच्या कडेवरनं खाली वाकलेलं एकच डोकं. बाकीचे बोलत असतील, बिड्या ओढत असतील. ती एकटी वाकली होती. इतकी वाकली होती की तोल जाईल. दर खेपेला अशीच वाकत असणार, आणि त्याला ते कधी दिसलं नव्हतं. तो बघतच राहिला.

वरनं दोराला हिसका बसला. दुसरा बसला. मग ती ओढायलाच लागली. तो वर आला तेव्हा ती रागानं लालेलाल झाली होती.

"इतका येळ काय करत हुतास? मोकळा झाला का फुटव्हॉल?"

"न्हाय," चष्मा कपाळावर सारत रामकिसन म्हणाला. "आये, तुला बघत हुतो."

सारजाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि दोर पुन्हा सैल सोडला.

"मला बघायला मिशी काढलीस व्हय? जा, तात्यांचं काम बघ."